कडक भाकरीच्या युनिटला भांडवल हवंय: फंडाचं घ्यावं, सीएसआरचं की बँकेचं?

शुभदा_मंगळवेढा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात मी आणि माझ्या जाऊबाई मिळून ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायचं युनिट चालवतो. सुरुवात बचतगटातून झाली. ऑर्डरी वाढल्या, बिलं मागायला लागले, तेव्हा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. आज तीसेक बायका कामाला आहेत. त्यातल्या बऱ्याचजणी आधी दरवर्षी ऊसतोडीला जायच्या, आता पोरं गावातल्या शाळेत टिकलीत. ज्वारी आमची मालदांडीच, आसपासच्या शेतकऱ्यांकडून, बाजारापेक्षा चार पैसे जास्त देऊन घेतलेली.

आता तीन दारं उघडी दिसतायत.

मुंबईचा एक ‘इम्पॅक्ट’ फंड (परताव्यासोबत समाजाचं भलंही बघणारा) ५० लाख द्यायला तयार आहे, २२ टक्के हिस्सा मागतो. पुण्याची एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांना कायद्यानं सामाजिक कामावर घालावा लागतो त्या पैशातून, मदत करू म्हणते, पण आमच्या कंपनीला नाही, ट्रस्ट किंवा सेक्शन ८ कंपनी (नफा वाटून न घेणारी) काढा म्हणते. आणि बँक तारण मागते. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ती गहाण टाकायला घरात कुणीच तयार नाही, मीही नाही.

पैसा ज्याचा येईल त्याचं ऐकावं लागेल, एवढं मला कळतं. म्हणूनच घाई करायची नाहीये. ज्यांनी असा पैसा घेतलाय, दिलाय किंवा जवळून पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

गिरणगावकर

ताई, ही भाकरी मुंबईत कुठे मिळते ते आधी सांगा. चर्चा खाऊन करू!

मकरंद_सीए

शुभदाताई, आधी मला एक सांगा: ५० लाख कशाला हवेत? यंत्राला, शेडला, की ज्वारी भरून ठेवायला? या उत्तरावर बाकी सगळं ठरेल.

तोवर फंडाबद्दल. फंडवाली माणसं सहसा चांगली असतात, मनापासून बोलतात. पण पैसा त्यांचा नसतो, ते दुसऱ्यांचा सांभाळतात. सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक नियमांत अशा सामाजिक फंडांचा वेगळा प्रकारच आहे. त्यांची मुदत ठरलेली असते. ती संपायच्या आत तुमच्यातला हिस्सा कुणाला तरी विकून त्यांना बाहेर पडावंच लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीत सरळ विचारा, ‘तुम्ही जाताना आमचा हिस्सा कुणाला विकणार?’ फरसाण-पापडाच्या एखाद्या मोठ्या कंपनीला, असं उत्तर आलं तर त्या कंपनीला तुमच्या तीस बायका हव्या आहेत की नुसतं नाव, हे तुम्हीच ताडा.

टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली असेल तर त्यात ‘ड्रॅग अलाँग’ कलम शोधा. ठरावीक परिस्थितीत फंड स्वतःचा हिस्सा विकताना तुम्हालाही विकायला लावू शकतो, असा त्याचा अर्थ. दुसरं ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’. कंपनी विकली किंवा बंद पडली तर आधी त्यांचे पैसे, मग तुमचे. ही कलमं बहुतेक करारांत असतात, त्यात लबाडी काही नाही. पण सही करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना मराठीत समजावून सांगा.

निफाडचा_द्राक्षवाला

मकरंदकाका, मुद्दा मान्य, पण एवढं घाबरवू नका ओ. आमच्या नाशकात सह्याद्री फार्म्स बघा. मोहाडीची शेतकऱ्यांची कंपनी. २०२२ साली तिच्यात युरोपातल्या इन्कोफिन, कोरीस, एफएमओ, प्रोपार्को या गुंतवणूकदार संस्थांनी मिळून ३१० कोटींच्या आसपास घातले. द्राक्ष, टोमॅटो, डाळिंबावर प्रक्रिया करायचे एवढे मोठे कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभे राहिले असते का? नसते. बँकेनं दिलं असतं तरी व्याजानं कंबर मोडली असती.

आणि रचना समजून घ्या. शेतकरी उत्पादक कंपनीत कायद्यानं फक्त उत्पादकच सभासद होतात. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये ही तरतूद आली तेव्हापासून तसंच आहे. म्हणून बाहेरच्या गुंतवणूकदाराला थेट तिथे घेता येत नाही. मग प्रक्रियेसाठी वेगळी उपकंपनी केली आणि परदेशी पैसा तिच्यात घेतला. शेतकऱ्यांची कंपनी वर तशीच राहिली. घर आपलं ठेवून ओसरी भाड्यानं दिली म्हणा.

अनघा_ज

वाचतेय. सीएसआरबद्दल रात्री सविस्तर लिहिते, रोजचं काम तेच आहे.

शुभदा_मंगळवेढा

@मकरंद_सीए, हिशोब सांगते. यंत्राला फार नकोय. भाकरी हातानंच थापतो, भाजायच्या भट्ट्या आणि पॅकिंगला दहाएक लाख पुरतील. खरी अडचण दुसरीच आहे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. तेव्हाच वर्षाची भरून ठेवली तर माल चांगला मिळतो आणि शेतकऱ्यालाही रोख हवी असते. पण आमचा पैसा तेव्हा बाहेर अडकलेला असतो. ज्या मोठ्या दुकानसाखळीला माल देतो ती तीन-तीन महिने बिल काढत नाही. मग आम्ही ज्वारी थोडी थोडी, पावसाळ्यात चढ्या भावानं घेतो आणि पगाराला सोनं ठेवतो.

देगलूरकर

आम्ही तेलंगणाच्या सीमेवरचे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. सामाजिक गुंतवणूक म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना २०१० आठवतं.

एसकेएस मायक्रोफायनान्स १९९७ मध्ये स्वयंसेवी संस्था म्हणून सुरू झाली होती. २००५ नंतर नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली, मोठमोठे गुंतवणूकदार आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये ९८५ रुपये भावानं शेअर बाजारात आली. गरीब बायकांना कर्ज देणारी कंपनी, आणि तिच्या शेअरसाठी झुंबड. त्याच काळात आंध्रात एकेका गावात चार-चार कंपन्या कर्ज वाटत होत्या. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घ्यायचं. वसुलीचा तगादा, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारनं अध्यादेश काढला. वसुली जवळजवळ ठप्प झाली. पुढे मालेगाम समितीचा अहवाल आला, रिझर्व्ह बँकेनं या कंपन्यांसाठी वेगळे नियम केले.

यात एकट्या कंपनीला दोष देऊन मी थांबणार नाही. वेगानं वाढा असं म्हणणारा पैसा आला की शाखा वाढतात, कर्जं वाढतात, आणि ज्या बाईसाठी हे सुरू केलं तिच्या दारात उभं राहून ‘तुला हे फेडता येईल का गं?’ असं विचारायला कुणाला वेळ उरत नाही. हे आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत घडताना पाहिलंय. ताई, फंडानं तुमच्याकडून दरवर्षी किती वाढ धरलीय ते आधी विचारा.

निफाडचा_द्राक्षवाला

देगलूरकर, तुमचं दुःख कळतं. पण कर्ज वाटणारी कंपनी आणि माल बनवणारी कंपनी एका मापानं मोजू नका. भाकरीच्या कंपनीत पैसा आला तर जास्त भाकरी विकाव्या लागतील. त्यात कुणी बुडत नाही.

देगलूरकर

जास्त भाकरी विकायच्या म्हणून हातानं थापणं बंद करून मशीन आणलं तर तीस बायका कुठे जातील, दादा?

निफाडचा_द्राक्षवाला

हा प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर करारातच लिहून घ्यायला हवं.

रेवती_लीड्स

इथल्या एका सोयीबद्दल लिहिते, कारण देगलूरकरांच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ नावाचा प्रकार आहे. कंपनीच, नफा कमावू शकते, शेअर विकू शकते. पण मालमत्तेला कुलूप असतं. कंपनी विकली किंवा बंद केली तरी मालमत्ता खासगी खिशात जात नाही. आणि वाटण्याजोग्या नफ्यातला जास्तीत जास्त ३५ टक्केच लाभांश म्हणून देता येतो. गुंतवणूकदाराला आधीच माहीत असतं की इथे आपल्याला किती मिळणार. शिवाय वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बँकखात्यांतल्या पैशातून २०१२ मध्ये एक मोठी संस्था उभी केली, ती सामाजिक उद्योगांना पैसा देणाऱ्या फंडांना भांडवल पुरवते.

भारतात एकीकडे सेक्शन ८, जिथे लाभांश अजिबात नाही, आणि दुसरीकडे प्रायव्हेट लिमिटेड, जिथे कसलीच मर्यादा नाही. शुभदाताईंसारख्यांना या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं असतं. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त नड याचीच आहे, फंडांची नाही.

गिरणगावकर

रेवतीताई, सहकारी संस्था ही मधली वाटच आहे की. एक माणूस एक मत. पन्नास सालचा प्रवरेचा साखर कारखाना काय होता मग? विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून उभे राहिले. सामाजिक गुंतवणूक आपण या नावाशिवायच केलेली आहे.

रेवती_लीड्स

मान्य! आणि पुढे अनेक कारखान्यांत राजकारण शिरलं तेही मान्य करू या.

गिरणगावकर

त्यावर वेगळा धागा काढा, हा पुरणार नाही.

अनघा_ज

आले. सीएसआरचं सांगते.

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर घालावे लागतात. हा पैसा कंपनी स्वतः खर्च करते, किंवा ट्रस्ट, सोसायटी, सेक्शन ८ कंपनी अशा नोंदणीकृत संस्थेमार्फत. त्या संस्थेला आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. म्हणजे शुभदाताईंनी उद्या सेक्शन ८ कंपनी काढली तरी परवा पैसा येणार नाही. पुण्याच्या कंपनीनं हे सांगितलंय का, ते विचारा.

आणि मनातलं बोलते. निव्वळ सीएसआरसाठी दुसरी संस्था काढू नका. दोन वह्या, दोन ऑडिट, आणि धंद्याचा खर्च कुठला नि संस्थेचा कुठला यावर कायम संशय. त्यापेक्षा तालुक्यात आधीपासून काम करणारी चांगली संस्था बघा. बायकांचं प्रशिक्षण, आरोग्यतपासणी, पाळणाघर हे सीएसआरच्या पैशातून ती संस्था करेल. धंदा धंद्याच्या पैशावर चालू दे.

कुणीतरी आता सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांसाठीच्या शेअर बाजारातल्या वेगळ्या विभागाचं, विचारेलच म्हणून आधीच लिहिते. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीचे नियम आले. संस्थांसाठी ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ नावाचे रोखे आहेत. व्याज नाही, मुद्दलही परत नाही. थोडक्यात देणगीच, पण बाजाराच्या शिस्तीत, हिशोब उघड करून. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या उन्नती फाउंडेशनचे पहिले रोखे नोंदले गेले. आधी किमान २ लाख घालावे लागत, ते १० हजारांवर आलं, २०२५ मध्ये १ हजारावर. देणाऱ्याच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट आहे, मी स्वतः सगळ्यांना सांगते. पण संस्थेनं आदल्या वर्षी किमान ५० लाख खर्च केलेले असावे लागतात. छोट्यांना ते दार अजून उंचच आहे.

पार्लेकर_विनय

अनघा, निकालावर पैसे देण्याचा तो प्रयोग होता ना राजस्थानात? त्याचं काय झालं?

अनघा_ज

एज्युकेट गर्ल्स, भिलवाडा जिल्हा, २०१५ ते २०१८. यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशननं आधी पैसे घातले. मुली शाळेत आल्या आणि शिकल्या हे त्रयस्थ संस्थेनं तपासल्यावर सीआयएफएफ या दुसऱ्या फाउंडेशननं ते परतावा धरून फेडले. शिक्षणाचं उद्दिष्ट १६० टक्के, पटनोंदणीचं ११६ टक्के गाठलं, आणि गुंतवणूकदाराला मुद्दलावर वर्षाला १५ टक्के मिळाले. मला त्यातली शिस्त आवडली. शेवटच्या वर्षापर्यंत कार्यकर्ते आकडे बघून काम बदलत होते. पण असा करार करायला वकील, मोजणारी संस्था, दोन-दोन फाउंडेशनं लागतात. तीस बायकांच्या युनिटसाठी तो खर्चच जास्त होईल.

नयना_गिरगाव

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

१९५९ मध्ये आमच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते पैसे छगनलाल करमसी पारेख यांनी दिले होते. त्याचं लिज्जत झालं. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या दोन्ही ठिकाणी बायकांच्या हातात पैसा आला आणि त्या कुणाच्या नोकर झाल्या नाहीत. लिज्जतमध्ये पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालक आहे.

म्हणून शुभदाताई, राग मानू नका, पण विचारते: तुमच्या कंपनीचे शेअर तुम्ही आणि जाऊबाई यांच्याचकडे आहेत ना? मुंबईच्या फंडाला २२ टक्के द्यायची तयारी आहे, तर भाकरी थापणाऱ्या तीस जणींना किती?

गिरणगावकर

नयनाताई, खानावळीचं नाव काढलंत आणि लालबागच्या वाटाण्याच्या उसळीचा वास आला. आमचे आजोबा गावाहून एकटे आलेले, पंधरा वर्षं एकाच मावशींकडे जेवले. मावशींचं खातं, नावं, उधारी सगळं तोंडपाठ.

प्रश्न मात्र चोख विचारलात.

शुभदा_मंगळवेढा

राग कशाचा, ताई. हा विषय आमच्याकडे निघाला होता. तेव्हा बहुतेकींनी सांगितलं की आम्हाला शनिवारचा पगार वेळेवर द्या, कागदावरचा हिस्सा घेऊन काय करू. त्यांचंही बरोबर आहे, घरात रोख लागते. पण तुम्ही फंडाशी तुलना केलीत ते मला पटलं. हिस्सा द्यायचाच असेल तर पहिला हक्क त्यांचा. मकरंदकाका, हे करता येतं का?

मकरंद_सीए

येतं. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये २०० पर्यंत सभासद चालतात. पण तीस जणींना शेअर दिले की प्रत्येक सहीला, प्रत्येक वारसाला कागद आला. त्यापेक्षा निफाडकरांनी सांगितलेली रचना उलटी करून वापरा. ज्वारी पिकवणारे शेतकरी आणि ज्यांच्या नावावर शेती आहे अशा तुमच्यातल्या बायका मिळून उत्पादक कंपनी काढा आणि तिला तुमच्या कंपनीत हिस्सा द्या. केंद्राच्या २०२० च्या १० हजार शेतकरी कंपन्यांच्या योजनेत नव्या कंपनीला तीन वर्षं मिळून १८ लाखांपर्यंत चालवण्याचा खर्च आणि सभासदांच्या भागभांडवलाएवढं, १५ लाखांपर्यंत, जुळतं अनुदान ठेवलेलं होतं. नवीन नोंदणीला आज काय लागू आहे ते कृषी विभागात विचारून घ्या. ज्यांच्या नावावर शेती नाही त्यांच्यासाठी मात्र वेगळा विचार करावा लागेल, ते विसरू नका.

आता तुमच्या हिशोबाकडे येतो. तुमची खरी गरज सहा-आठ महिन्यांच्या खेळत्या भांडवलाची आहे. त्यासाठी कायमचा हिस्सा विकणं मला महाग वाटतं. शेअर एकदा गेला की परत घेताना दसपट मोजावे लागतात.

थकलेल्या बिलांचं आधी बघा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. त्यासाठी लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी हवी, उत्पादक म्हणून. आयकराच्या नव्या कलमामुळे वेळेत न दिलेलं देणं खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे हिशोबनीसही हलतात. आणि ट्रेड्स नावाची ऑनलाइन सोय आहे. खरेदीदारानं बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडी सूट कापून लगेच पैसे, वसुली खरेदीदाराकडून. वर्षाला २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलीय. तुमची दुकानसाखळी त्यात बसते का बघा.

बेळगावकर_सुहास

आमच्या कर्नाटकातला एक अनुभव. सेल्कोचे हरीश हंदे १९९५ पासून खेड्यांत सौर दिवे विकतात, २०११ मध्ये मॅगसेसे मिळाला. ते नेहमी एक गोष्ट सांगतात: एका फेरीवालीला महिन्याला ३०० रुपये हप्ता जड वाटत होता, दिवसाला १० रुपये म्हटल्यावर ती तयार झाली. तिची कमाई रोजची, मग हप्ता महिन्याचा कशाला? त्यांनी ग्रामीण बँकांच्या व्यवस्थापकांना हे पटवलं आणि ग्राहकाच्या कमाईप्रमाणे हप्ते बांधून घेतले.

शुभदाताईंनी बँकेत जाताना हेच मागावं. ज्वारी घेताना रक्कम, दिवाळी ते संक्रांत विक्री जोरात असताना फेड. बारा समान हप्ते घेतले की सोनं पुन्हा गहाण.

म्हसवडची_लेक

सुहासदादांना अनुमोदन. आमच्या म्हसवडला चेतना सिन्हा आणि बायकांनी मिळून १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक काढली. आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. मग त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, यंत्राशिवाय सांगतो. परवाना मिळाला. आमच्या आत्याला त्याच बँकेनं शेळ्यांसाठी पहिलं कर्ज दिलं, तेव्हा तिच्या नावावर घरातली एक वस्तू नव्हती. रोज दारात येऊन हप्त्याचे पैसे घेणारी बँकेची माणसं असायची, म्हणून ती ते फेडू शकली.

ताई, भट्ट्या-पॅकिंगच्या दहा लाखांसाठी फंड कशाला? केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. बँककर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. कृषी कार्यालयात जिल्हा संसाधन व्यक्ती असते, ती प्रस्ताव करून देते. नवीन अर्ज सुरू आहेत का ते तिलाच विचारा. आणि तारण नसेल तर सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीची, हमी मागा. मॅनेजर आधी नाही म्हणेल, लेखी नकार मागा, मग ऐकतो.

पार्लेकर_विनय

हे ‘लेखी नकार मागा’ सोन्यासारखं आहे. जपून ठेवतो.

शुभदा_मंगळवेढा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जाऊबाईंना पूर्ण धागा मोठ्यानं वाचून दाखवला.

आम्ही ठरवलंय की भट्ट्यांसाठी अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज, ज्वारीसाठी सीजीटीएमएसईच्या हमीवर खेळतं भांडवल, तेही हंगामी हप्त्यांचं. दुकानसाखळीला ४५ दिवसांचं पत्र या आठवड्यात जाईल. फंडाला नाही म्हणणार नाही, पण सांगू की आधी दोन वर्षं तुम्ही कर्ज म्हणून द्या, हिश्श्याचं शेतकरी आणि बायकांची कंपनी उभी राहिल्यावर बोलू. आणि हातानं थापणं कायम राहील, हे कलम पहिल्या पानावर हवं. देगलूरकर, ते तुमच्यामुळे.

एक राहिलं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आम्हाला लागू होईल का? म्हणजे ज्वारी आमच्या गोदामात आणि कर्ज त्यावर?

मकरंद_सीए

तुमच्या कंपनीला नाही, ती शेतकऱ्यासाठी आहे. पण उपयोग करून घ्या. शेतकऱ्यानं ज्वारी बाजार समितीच्या गोदामात ठेवली की त्याला मालाच्या किमतीचा ठरावीक हिस्सा ६ टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळतो. मार्चमध्ये त्याची नड भागते, तुम्ही त्याच्याशी भाव ठरवून महिन्याला लागेल तशी उचला. तुमची भांडवलाची गरजच निम्म्यावर येईल. मंगळवेढ्याच्या समितीत योजना सुरू आहे का ते सोमवारी विचारा.

गिरणगावकर

आणि भाकरी मुंबईत कुठे मिळते, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

शुभदा_मंगळवेढा

दादा, व्यक्तिगत निरोप केलाय. दादरला या महिन्यात सुरू होतेय.